जिथल्या तिथं

आगोठ जवळ आली की आमच्या परड्यातला गडगा थोडा खाली बसलेला असायचा. वर्षभर तो कुणाच्या लक्षातही नसायचा. पण वैशाख सरता सरता एखादा वळीव कोसळून जायचा, फणसाच्या मुळ्या आतून खांदा द्यायच्या, रात्री कुणाची तरी सुटलेली म्हैस अंग घासून जायची, आणि सकाळी पाहावं तर चार-दोन चिरे निसटून पोफळीच्या वाफ्यात लोळत पडलेले. मिरगाच्या आत ते परत लावायचं काम आम्हा पोरांचं. आजी तोंडात पानाचा तोबरा धरून शेजारी बसायची आणि काठीच्या टोकानं दाखवायची, हा हितला, त्यो तितला. गडग्याला ना चुना ना सिमेंट. एका धोंड्याचं ओझं दुसऱ्यानं सांभाळायचं, एवढ्याच भरवशावर तो उभा.

असाच एक चिरा मी दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. जांभ्याचा दगड वरून तापलेला होता, खालून मात्र थंडगार, घाम फुटल्यासारखा ओला. जिथून तो उठला तिथं मातीत त्याचा हुबेहूब साचा उमटला होता, त्याच्या प्रत्येक खळगीसाठी एक उंचवटा आणि प्रत्येक टोकासाठी एक खड्डा. आणि त्या साच्याच्या तळाशी, वळिवाची ओल अजून धरून राहिलेल्या तांबड्या गारव्यात, काहीतरी निजलं होतं. वीतभर लांब. गांडुळाहून जाड, सापाहून मऊ. कांद्याच्या आतल्या सालीला असतो तसला गुलाबी-जांभळा रंग, आणि अंगभर एकीला एक लागून वळ्या, कासारानं नुकत्याच भरलेल्या बांगड्या मनगटावर दाटीनं बसाव्यात तशा. ऊन अंगावर पडलं तसं ते चकाकलं. डोकं कुठलं आणि शेपूट कुठली, काही कळेना. मग त्याचं एक टोक किंचित उचललं गेलं, इकडे वळलं, तिकडे वळलं, मातीला टेकलं, आणि माती जणू पाणी असावी तसं ते आत शिरू लागलं.

चुलतभावानं फावडं उचललं. "साप!"

"थांब रं," आजी म्हणाली. आवाज चढवलाही नाही तिनं. "मातीतला जीव त्यो. त्येचं काय तुज्यावर उधार हाय?" मग माझ्याकडे बघून, "आनि तू गो, धोंडा व्हता तसाच ठेव. जितल्या तितं."

मी ठेवला. चिरा आपल्या साच्यात बसताना बारीकसा आवाज झाला, डब्याला झाकण बसावं तसा.

त्याला काय म्हणतात, हे मी आजीला विचारलं होतं. तिनं पिंक टाकली आणि म्हणाली, "म्हनतंय कोन त्येला? हाक मारायचीय का?"

नाव पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. देवगांडूळ. तो गांडूळही नाही आणि सापही नाही. बेडकांच्या गणगोतातला, उभयचर, फक्त पायांवाचून जगणारा आणि बहुतेक सारं आयुष्य मातीच्या पोटात काढणारा. नावातला 'देव' मला फार आवडला. जे आपल्या मापात मावत नाही, ज्याच्या अंगावर हात टाकायला मन धजत नाही, त्याच्यापुढं आपली भाषा हळूच 'देव' लावून मोकळी होते. देवमासा. देवराई. देवगांडूळ. पश्चिमेकडच्या पंडितांचा हात मात्र दुसरीकडं गेला. लिनियसनं १७५८ मध्ये या जीवांतल्या पहिल्यांना नाव दिलं ते सापांच्या पंगतीला बसवून, आणि नाव दिलं आंधळेपणावरून. 'सिसिलियन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'आंधळा' आहे. एखाद्याची ओळख त्याच्याकडं काय नाही यावरून ठरवायची, ही खोड फार जुनी. पाय नाहीत, डोळे नाहीत, शेपूट म्हणावी तशी नाही. नाही, नाही, नाही असं मोजत गेलं की जे आहे त्याच्याकडं बघायचं राहूनच जातं.

आमच्या कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या कित्येक देवगांडुळांचं कुळनाव आहे 'गेगेनिओफिस'. दाताखाली खडा यावा तसा शब्द. पण त्याचे तुकडे करून पाहिले तेव्हा ग्रीक भाषेतला पुढचा तुकडा निघाला 'भूमीतून जन्मलेला', आणि मागचा 'साप'. भूमिज! मी पुस्तक मिटून ठेवलं. पहाटेच्या अंधारात आजीचं जातं घरघरू लागायचं, घोंगडीत गुरफटलेल्या माझ्या कानाशी पीठ पडल्याचा मऊ आवाज यायचा, आणि त्या घरघरीवर तरंगत तिच्या ओव्यांतली सीता यायची. राम क्वचित. सीताच फार. नांगराच्या फाळाशी सापडलेली, वनात धाडलेली, आणि शेवटी जिला परत घ्यायला भुई दुभंगली ती. त्या जागेशी आजीचा हात सावकाश व्हायचा. वैरणीची मूठ जात्याच्या तोंडाशी क्षणभर थांबायची. भूमीनं पोटात घेणं हा मृत्यू की माहेरपण, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्या थांबलेल्या मुठीतून काहीतरी सांडायचं खरं, आणि ते पिठात मिसळून जायचं. त्या पिठाची भाकरी आम्ही खात होतो.

आजी स्वतः खाडीपलीकडच्या गावातली. लग्न होऊन होडीतून अलीकडं आली, आणि त्यानंतर या वाडीच्या शिवेबाहेर ती फार तर देवाच्या जत्रेला गेली असेल. मुंबई तिनं पाहिली नाही. मुलगे गेले, सुना गेल्या, नातवंडं गेली. एसटीच्या मागं उडालेली तांबडी धूळ खाली बसेपर्यंत ती पायरीवर उभी राहायची, मग पदरानं तोंड पुसायची आणि गोठ्यात जायची. मला तेव्हा तिची कीव यायची. एवढं जग, आणि बाई एका परड्यात आयुष्य काढते!

काळोखात मात्र ती आम्हा सगळ्यांहून मोठी होती. पावसाळ्यात वीज गेली की आठ-आठ दिवस येत नसे. आम्ही पोरं माजघरात एकमेकांना धरून बसायचो, आणि आजी चिमणीसुद्धा न पेटवता स्वयंपाकघरातून परड्यात, परड्यातून गोठ्यात अशी वावरायची. मिठाचं मडकं, विळी, कोकमांची बरणी, कोयती, खुंटीवरचं इरलं, सगळं तिच्या हाताला आपणहून येऊन लागायचं. कुणी एखादी वस्तू हलवली तर मात्र ती कातावायची. तेव्हा आम्हाला तो नुसता म्हातारपणचा काच वाटे. आता कळतं की ते 'जिथल्या तिथं' हे तिचे डोळे होते. वस्तू आपापल्या जागी असल्या की अंधार नुसता अंधार राहत नाही. तो घर होतो.

देवगांडुळाच्या चेहऱ्याविषयी वाचताना मला तिचे ते चाचपणारे हात आठवले. त्याचे डोळे कातडीखाली गेलेले असतात, काहींचे तर कवटीच्या हाडाखाली. पण नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना एकेक, इवलीशी मिशी असते. बाहेर येते, मातीला शिवते, वास घेते, आत जाते. दुसऱ्या कुठल्याच उभयचराला अशी मिशी नाही. आणि गंमत पाहा, तिला मागं ओढणारा स्नायू मुळात डोळ्याचा, तिला ओलं ठेवणारी ग्रंथीही मुळात डोळ्याचीच. मातीखाली पाहण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा डोळ्यानं आपला संसार आवरला आणि भांडीकुंडी स्पर्शाच्या हवाली केली. घरातल्या थोरल्या जावेनं किल्ल्यांचा जुडगा धाकटीच्या हाती द्यावा तसं. कोट्यवधी वर्षांत, कसलाही आवाज न करता. आपल्याला जे आंधळेपण दिसलं, ते खरं म्हणजे एक वाटणीपत्र होतं.

त्याचं चालणंही असंच. आतलं अंग बाहेरच्या कातडीत सुटं सरकतं, बाहीत हात सरकावा तसं. अंगातला सगळा जोर एकवटून डोक्याशी येतो, आणि घट्ट सांधलेल्या हाडांचं ते डोकं पहारीसारखं मातीत शिरतं. हा जीव मऊ, आणि त्याचं डोकं मात्र टणक. ही दोन्ही लक्षणं एकाच जागी असलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांतली एक गडग्याशी बसून पान खायची.

रत्नागिरी जिल्ह्यात दोर्ले नावाचं गाव आहे. तिथल्या मातीत सापडलेल्या एका देवगांडुळाची २००३ साली शास्त्रात नोंद झाली, आणि या प्राण्यांच्या पेशींचा अभ्यास करण्यात ज्यांची वर्षं गेली त्या प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांच्यावरून त्याला 'शेषाचारी' हे नाव मिळालं. नावात शेष येणं हा योगायोगच. पण पृथ्वी डोक्यावर पेलणाऱ्या शेषाचं नाव पृथ्वीखाली वीतभर जागेत राहणाऱ्या जिवाला मिळावं, याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. पुढं २००८ साली अभ्यासकांनी लिहिलं की हा शेषाचारी अंडी घालत नाही. मादीच्या पोटातच पिल्लं वाढतात आणि जिवंत जन्मतात. आशिया खंडात असं वागणारा एकही देवगांडूळ तोवर ठाऊक नव्हता. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांपर्यंत ती बातमी पोचली तेव्हा ती दोर्ल्याच्या मातीत किती पिढ्यांची जुनी झाली असेल! वर तरवा उपटला जात होता, चिखलणीला बैल फिरत होते, इरली पाठीवर घेऊन बायका वाकल्या होत्या, आणि त्यांच्या पायांखाली, हातभर खोल, दुसरीही कुणी तरी बाळंतीण होत होती.

या कुळातल्या आयांच्या गोष्टी ऐकाव्यात आणि गप्प बसावं अशा आहेत. श्रीलंकेतली एक आई अंड्यांच्या घोसाभोवती अंगाचं वेटोळं करून राहते. केनियातल्या ताइता डोंगरांतली आई पिल्लांसाठी आपली कातडी जाड करते, चरबीनं भरते, आणि पिल्लं आपल्या बारक्या दातांनी ती खरवडून खातात. २००६ साली हे जगाला कळलं. ब्राझीलमधल्या एका आईविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं की ती पिल्लांना दुधासारखं काही पाजते, आणि पिल्लं तिच्यापाशी आवाज करून ते मागतात. मातीखालच्या त्या काळोखात आवाज करणारी पिल्लं! आईला पिल्लू दिसत नाही, पिल्लाला आई दिसत नाही. तरी पोट भरतं. आजीच्या दंडाची सैल, गार, सायीसारखी कातडी चिमटीत धरून झोपायची मला सवय होती. ती चिमटीत असली की मला झोप यायची. सकाळी तिच्या दंडावर लाल खुणा असत. तिनं कधी हात काढून घेतला नाही.

आता प्रवासाचं सांगते, कारण माझा गर्व तिथं उतरला.

या जिवाला खारं पाणी चालत नाही. कातडीवाटेही तो श्वास घेतो, ती ओली राहायला हवी, आणि समुद्र म्हणजे त्याला जळती भिंत. तरीही कोकणातल्या आणि घाटातल्या या देवगांडुळांचे जवळचे भाऊबंद राहतात कुठं, तर हिंदी महासागराच्या मधोमध, सेशेल्सच्या बेटांवर. ते तिकडं गेले कसे आणि हे इकडं आले कसे? कुणीच कुठं गेलं नाही. जमीन गेली. कधीकाळी आफ्रिका, मादागास्कर, सेशेल्स, भारत हे सगळं एकाच भुईचं अंग होतं. ती भुई उकलली, घडी मोडली, आणि भारताचा तुकडा समुद्र कापत उत्तरेला निघाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सशी त्याची ताटातूट होण्याच्या सुमारासच, दख्खनच्या पाठीवर तप्त लाव्ह्याचे थरावर थर ओतले जात होते. आकाश राखेनं भरलं, डायनोसॉर संपले. आणि त्या सगळ्या गदारोळात कुठल्या तरी न भाजलेल्या कोपऱ्यात, कुठल्या तरी ओल्या मातीत, यांचे पूर्वज जिथल्या तिथं बसून होते. आग निवली. तिचा काळा दगड झाला. त्या दगडावर लाखो पावसाळे पडले, त्यातलं लोखंड गंजून तांबडं झालं, आणि काळ्या कातळाचा जांभा झाला. त्या जांभ्याचा एक चिरा आमच्या गडग्यात होता. तो मी उचलला, आणि खाली तो.

म्हणजे तो एका जागी बसून समुद्र ओलांडून आला होता. माझ्या मुंबईच्या एसटीचं, लोकलचं, पुढं केलेल्या विमानांचं मोजमाप मी त्याच्यापुढं ठेवून पाहते, आणि मला आजीची पायरीवरची उभी आकृती दिसते. आम्ही सगळे निघून गेलो आणि ती राहिली, असंच मी आयुष्यभर सांगत आले. पण राहणंही एक जाणं असतं का? भुईच्या इतकं जवळ राहावं की भुई जाईल तिकडं आपण जावं. ती तापली की खोल उतरावं, भिजली की वर यावं. तिनं खाडी फक्त एकदा ओलांडली, आणि तरी आम्हा सगळ्यांच्या आधी कुठं तरी पोचलेल्या माणसासारखी ती बसायची.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही.

पुढच्याच वर्षीची आगोठ. आजी त्या दिवशी तापानं आत पडून होती. गडगा आम्हीच लावत होतो, आणि एका चिऱ्याखाली पुन्हा तसाच एक निघाला, कदाचित तोच. चुलतभावानं फावडं उचललं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी काही बोलते का म्हणून. शब्द माझ्या ओठांवर होते, आजीचेच, तयार. उधारीचा तो प्रश्न नुसता विचारायचा होता. पण दोघं-तिघं मोठे मुलगे उभे होते, आणि मला भित्री दिसायचं नव्हतं. फावडं पडलं. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिशांना जाऊ लागले, जणू त्यांना अजून घर सापडणार होतं. मग हलायचे थांबले. मी चिरा घेतला आणि घाईघाईनं त्यावर ठेवला. तो साच्यात बसला नाही. उलटा पडला होता. झाकण लागल्याचा तो आवाज आला नाही.

त्या पावसाळ्यात गडगा तिथूनच ढासळला. आजीनं सरळ केला, काही विचारलं नाही.

आता मी ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहते. कुंड्यांसाठी माती विकत आणते. प्लॅस्टिकच्या पिशवीत येते ती, चाळलेली, धुतल्यासारखी, तिला कसलाही वास नसलेली. तिच्यातून काही निघत नाही. गावाकडं सड्यावर चिऱ्यांच्या खाणी खोल होत गेल्या आहेत. पहाटे यंत्राचं पातं कातळावर चालू झालं की खाडीपर्यंत ऐकू येतं, आणि चौकोनी खड्ड्यांत साठलेलं हिरवं पाणी वरून पाहिलं की काढून घेतलेल्या दातांच्या जागा वाटतात. आजी जाऊन तेवीस वर्षं झाली. जातं तुळशीपाशी पालथं पडलं आहे. गडगा अजून उभा आहे, ठिकठिकाणी बसलेला.

यंदा मे महिन्याच्या शेवटी गेले होते. आदल्या रात्री वळीव झाला होता, आणि परड्यात तो वास सुटला होता, ज्याला अत्तरवाले बाटलीत भरतात आणि तरी जो बाटलीत मावत नाही. फणसाखालचा एक चिरा निसटून पडला होता. त्याच्या शेजारच्यावर मी हात ठेवला. तापलेला. बोटं खाली सारली. गार. गुडघे आता कुरकुरतात, तरी खाली बसून मी तो दोन्ही हातांनी उचलला.

साचा होता. प्रत्येक खळगीसाठी उंचवटा, प्रत्येक टोकासाठी खड्डा. तळाशी तांबडी ओल. आणि एका कडेला, करंगळी जाईल एवढं, गोल, आतून गुळगुळीत झालेलं एक बीळ, काळोखाकडं वळत गेलेलं. कुणाचं होतं कोण जाणे. गांडुळाचं असेल, वाळ्याचं असेल, खेकड्याच्या पोराचं असेल. मी बोट घातलं नाही. नुसती बसून राहिले, हातात चिऱ्याचं ओझं घेऊन, आणि त्या छिद्रातून वर येणारा थंडावा मनगटाला लागत राहिला. दंडाशी नेऊन ठेवलेल्या चिमटीसारखा.

मग त्याच्या टोकांकडं, खळग्यांकडं नीट पाहून घेतलं. कुठली बाजू खाली होती, कुठली फणसाकडं. अंदाज घेत, वाकडा न करता, हळूहळू तो खाली आणला.

बारीकसा आवाज झाला.